प्रयागचं मेज

“भाभी, माझं माप घ्या,” म्हणत शेजारची प्रयाग सुतारीण आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा मला वाटलं हिला चोळी शिवायची आहे. आमचे हे शिंपीकाम करायचे, त्यामुळं टेप घरातच. पण तिचा नवरा पटकीनं जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी चपापले. तशी ती म्हणाली, “चोळीचं न्हाय हो. मेजाचं. भुईपासनं तळहातापतुर घ्या.”

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या लोहाऱ्यात मेज म्हणजे कचेरीत साहेबापुढं असतं ते. सुतार सगळे भुईवर बसायचे. एक पाय पसरायचा, लाकूड पायाच्या बोटांत दाबायचं आणि रंधा मारायचा. लग्नापासून नवऱ्याच्या करवतीचं दुसरं टोक धरून धरून प्रयागला सगळं काम येत होतं, म्हणून तो गेल्यावर तीही तशीच बसली. पण गडी बसला तर सुतार, आणि बाई बसली तर तमाशा! लुगडं गुडघ्याकडं सरकायचं, आणि ज्यांना आयुष्यात खाट करून घ्यायची नव्हती असले बाप्ये खाटेची चौकशी करत कुडाला टेकायचे. मेल्यांना दुसरा उद्योग नव्हता.

ही गोष्ट माकणीला तिच्या दिराच्या, तुकारामाच्या, कानावर गेली. तो येऊन बजावून गेला, “पाडव्यापतुर बघतो. हे थेर थांबले न्हाईत तर घराला कुलूप. तू आन पोर माकणीला चला.” माकणीला म्हणजे जावेच्या हाताखाली जन्मभर शेणघाण. प्रयागला त्याचीच धास्ती होती. “माझी जना माझ्या चुलीवरची भाकर खाईल,” ती म्हणायची, “मग ती अर्धी का असंना.”

रडत बसणारी बाई नव्हती ती. मला म्हणाली, “माझ्या हाताला कुणी नावं ठेवीना भाभी, पायाला ठेवतेत. मग पायाचं कामच काढून टाकते.”

मी माप घेतलं. ती ताठ उभी राहिली, हात सोडला आणि तळवा पालथा केला. “इथं लाकूड आलं पायजे. वर गेलं तर खांदा मोडंल, खाली गेलं तर कंबर.” मग कोळशानं भिंतीवर तिनं चार पाय, जाड फळी आणि फळीला भोकं काढली. भोकांत खुंट्या ठोकायच्या, लाकूड त्यांच्यामध्ये ठेवायचं आणि पाचर मारून घट्ट करायचं. खुंटीवर बोट ठेवून म्हणाली, “ह्यो माझा पायाचा अंगठा. ह्याला कोण बघतंय ते बघू.”

मेज झालं. पहिला रंधा मारला आणि मेज चाललं पुढं! ती ढकलतीय, ते सरकतंय, थेट दाराला जाऊन धडकलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो, आणि हसता हसता तिचा चेहरा उतरला. पाडवा तोंडावर आला होता. दुसऱ्या दिवशी तिनं चार खड्डे खणले. जुने पाय पुरले असते तर मेज बुटकं झालं असतं, म्हणून बाभळीचे नवे, लांब पाय तासून बसवले, आणि खड्ड्यांत दगड-मुरूम घालून ठोकून काढले. मग ते हललं नाही.

नांगर तिच्याकडं कुणी दिला नाही. बाईच्या हातचं अवजार रानात नको म्हणे. पण कवाडं, खाटा, चौरंग येऊ लागले. पाडव्याला तुकाराम आला तेव्हा ती उभ्यानं फळी रंधत होती, लुगडं घोट्यापर्यंत. त्यानं मेजाभोवती एक चक्कर मारली, कुलपाचं नाव काढलं नाही. चहा न घेताच गेला. त्या दिवशी जनाला तिनं पोळी केली.

पुढं वर्षभरातच पटाशी निसटून तिच्या तळहातात घुसली. हळद भरून ती काम करत राहिली. काही दिवसांनी दातखीळ बसली. धनुर्वात. बैलगाडीनं दवाखान्यात नेताना तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एवढी बोलकी बाई, पण शेवटी एक शब्द बोलायला तोंड उघडेना. नुसती जनाकडं बघत होती. या अल्ला, ते डोळे! ती वाटेतच गेली. आणि गावानं काय म्हणावं? हत्याराला बाईचा हात चालत नसतो. अहो, सुतारांना काय पटाशी लागत नाही? का धनुर्वात धोतर बघून माघारी फिरतो?

तुकाराम बायकापोरांसह घरात राहायला आला. पहिले काही दिवस भुईवर बसला. मग हळूच मेजाशी उभा राहू लागला. ते त्याच्या मांडीशी यायचं, त्यामुळं पार वाकायचा. एकदा मी खाटेचा मोडका पाय घेऊन गेले होते. बाहेरगावचं गिऱ्हाईक मेजाचं कौतुक करत होतं. तुकाराम म्हणाला, “माझीच अक्कल हाय ती. म्याच बसवलंय.”

जना घागर घेऊन आत येत होती. तिथंच थांबली. “माझ्या आईचं हाय ते,” ती म्हणाली. “तुमी वाकताव. माझी आई वाकत नव्हती.”

त्यानं तिच्या मुस्काटात मारली. घागर फुटली. मी पोरीला उचलून आमच्या घरी आणलं, दार लावलं. संध्याकाळी तो आला, आणि यांच्यापुढं हात जोडून, अगदी अदबीनं म्हणाला, “आमची पोर हाय, चाचा. घरी न्यायला आलोय.” यांनी माझ्याकडं पाहिलं. कुठल्या हक्कानं ठेवणार होतो तिला आम्ही? मीच दार उघडलं.

जना त्याच्या मागं गेली. थोड्या वेळानं कुडापलीकडून तुकारामाच्या बायकोचा आवाज आला, “फुटल्या घागरीचं पाणी भरून आण आधी. मग भाकर.”