नागपुरात राहायचं तर

सिंदेवाहीच्या पलीकडे, झाडीतल्या एका गावात मुखरू वाढई सुतारकाम करून राहायचा. गावातल्या बैल जुंपायच्या रेंग्या, नांगर, वखर सगळे त्याच्या हातचे. मोबदला धानात. कापणी उरकली की घरोघरून पायलीनं धान यायचं आणि त्यावर वर्ष निघायचं. महिना त्या घरात चंद्रापुरताच होता.

एका उन्हाळ्यात सागवान घ्यायला नागपूरच्या कारखान्याचे मुनीमजी आले. मुखरूनं घडवलेल्या रेंगीवरून त्यांनी हात फिरवला. म्हणाले, "आमच्याकडे आरशाची कपाटं बनतात. येता का? महिन्याचा पगार ठरवून ठेवा. शनिवारी येतो."

आरशाचं कपाट! मुखरू रंधा मारता मारता थांबू लागला. गुळगुळीत फळीतून आपला चेहरा वर येतोय असं त्याला वाटे.

पगाराचा हिशेब काढायला नवराबायको मोहाच्या सावलीत बसली. मुखरूनं धान धरलं, मीठ, तेल, धोतर, लुगडं धरलं.

"चाळीस रुपये. राजावानी राहू."

मनकर्णानं डोळे मिटले. "थांबा. आधी मले नागपुरात उठून पाहू द्या. उठली. दातवन पाह्यजे."

"तोड ना कडूनिंबाचं."

"कोनाच्या वाडीतलं?"

मुखरूनं दातवन हिशेबात धरलं.

"सडा टाकाचा आहे. शेन?"

"आता शेनबी इकत घेऊ का?"

"हसा! आपले ढोरं नाई तिथी. फुकट कोन देईल?"

मिटल्या डोळ्यांनी ती कधी न पाहिलेल्या गल्ल्यांतून हिंडत राहिली. रस्त्यावर विजेचे दिवे होते. दारात नळ होता. तिथे ती बराच वेळ उभी राहिली. पण चुलीला लाकूड, पोतेऱ्याला माती, पत्रावळीला पळसाची पानं, काहीच हाताशी लागेना. एकेक वस्तू विकतची होत गेली. उन्हं कलली तेव्हा पगार पंचाहत्तरावर गेला होता.

शनिवारी आकडा ऐकून मुनीमजी हसले. "मास्तरालाही इतके मिळत नाहीत, मुखरूभाऊ! पंचावन्न देतो."

दाराआडून मनकर्णा भराभर बोलली, "सुपारी काढा. एक लुगडं काढा." मग आवाज उतरला. "मले काढा. मी राहीन इथी. एकट्याले पंचावन पुरते."

मुखरूनं डोळे मिटून नागपूर पाहिलं. विजेच्या दिव्याखाली तो एकटाच जेवायला बसला होता.

"पंचाहत्तरच," तो मुनीमजींना म्हणाला.

सागवानाची बंडी स्टेशनाकडे निघून गेली, तशी मनकर्णा उसळली. "हाती आलेलं नागपूर घालवलं तुमी! मी म्हटलं ना..."

"आयकलं मी."

दोघं पुन्हा मोहाखाली येऊन बसली. मग ती म्हणाली, "नळ पाहाचा होता मले."

"मंग पाहून येऊ. एक मुक्काम करू. काढ खर्च."

मनकर्णा जराशी सरसावून बसली. झाडीआड कुठेतरी छोट्या गाडीची शिटी वाजली.

"खिडकीपाशी बसाचे," तिनं विचारलं, "पैसे जास्त घेतात का हो?"