अंकलचं प्री-मेड

अख्ख्या मस्कतमध्ये प्री-मेडचा, म्हणजे डॉक्टरकीच्या पूर्वतयारीचा, अभ्यास कुणी खरोखर जीव ओतून केला असेल, तर तो माझ्या मैत्रिणीच्या, रोझलिनच्या डॅडींनी. आणि त्यांना कॉलेजात प्रवेशच नव्हता! अंकल मूळचे वसईचे, नोकरी अल् खुवैरच्या एका ऑफिसात. रोज सकाळी रोझलिनला आणि मला ते गाडीने कॉलेजात सोडायचे. रोझलिन मागच्या सीटवर गाढ झोपायची. पुढे मी, म्हणजे तावडीत सापडलेली.

पहिल्या दिवशी आमचं वेळापत्रक ऐकून अंकलचा चेहराच पडला. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, गणित आणि वर इंग्रजी निबंध!

"अगो, यात पेशंट कुठाय?"

"पेशंट पुढच्या वर्षांत, अंकल."

"तोवर तो जगायला नको?"

पण एकदा आमचं कॉलेज सुरू झालं म्हणजे आपलंही झालं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. शिकलेला प्रत्येक शब्द ते संध्याकाळपर्यंत कुठे ना कुठे वापरायचेच. लोणच्याला पाणी सुटलं की "ऑस्मोसिस!" आणि आंटी रागाने तापल्या की "एक्झोथर्मिक!" एकदा जेवायला पाहुणे आलेले असताना हे ओट्यावर सुरमई चिरून तिचं हृदय शोधत बसले. शेवटी आंटीच बाहेर येऊन पाहुण्यांना म्हणाल्या, "जेवायला देऊ की पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट?"

मग रसायनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत मी सपशेल नापास झाले. शाळेत कायम पहिली येणारी मी. पण इथे शाळेचं अख्खं सत्र आठवड्याभरात उरकायचे आणि पाठांतराला कुणी विचारत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसले आणि रडूच फुटलं. "मी सोडणार, अंकल. माझ्याने नाही होणार."

"सोड," ते शांतपणे म्हणाले. "पण ते केमिकल बॉण्डचं प्रकरण तेवढं मला समजावून जा. अर्धवट राहिलंय. आणि मराठीत सांग, इंग्रजी माझ्या डोक्यावरून जातं."

माझं मराठी तेव्हा अडखळतं. इंग्रजीत पाठ केलेली वाक्यं इथे कामाची नव्हती. आधी मलाच समजून घ्यावं लागत होतं.

"दोन अणू... इलेक्ट्रॉन वाटून घेतात."

"का? भाऊ-भाऊ आहेत?"

"एकटे असले की ते... स्वस्थ नसतात."

"हां! आता बोललीस!" या आनंदात आमचं वळण मागे राहिलं, मागचा ड्रायव्हर "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, चला, असं अरबीत ओरडत राहिला आणि आम्ही वर्गात उशिरा पोचलो. पण त्या दिवसापासून रोज सकाळी अंकल विचारत गेले, मी सांगत गेले. त्यांच्या "का?"ला उत्तर देता आलं की पेपर सोपा जायचा. पुढच्या परीक्षेत मी पास झाले, तर हे बिल्डिंगभर केक वाटत फिरले. "पास झालो!" म्हणाले. कोण, ते कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी त्यांची नोकरी संपली. आंटींना घेऊन ते कायमचे वसईला निघाले, तेव्हा मी आणि रोझलिन वॉर्डात जायला लागलो होतो. विमानतळावर सामान आत गेलं. अंकल नेहमीसारखं काहीतरी विचारतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी नुसता हात पुढे केला.

"नाडी बघ जरा."

मी मनगट धरून मोजायला लागले. "थोडी फास्ट आहे, अंकल."

"असेल," ते म्हणाले, आणि मोजून झालं तरी हात तसाच राहू दिला.