हळद-कुंकू वाहिलेले संगणक

आमच्या शाळेत संगणक आले तेव्हा पुढाऱ्यांनी नारळ फोडला, फोटो काढले आणि खोलीला कुलूप लागलं. ते निघायचं वर्षातून एकदा, खंडेनवमीला. हेडमास्तर प्लॅस्टिकची खोळ काढायचे, हळद-कुंकू वाहायचे, झेंडूचा हार घालायचे आणि पुन्हा खोळ चढवायचे. कीबोर्डच्या फटींत कुंकू साठलं होतं. बटण मात्र कुणी दाबलेलं नव्हतं. मला त्या पूजेची शिसारी यायची. मी विज्ञान शिकवायचो, बीडला जाऊन संगणकाचं प्रशिक्षणही घेतलं होतं. पण "बिघडलं तर जबाबदारी कुणाची?" एवढं हेडमास्तर म्हणाले की माझी दातखीळ बसायची.

सातवीत एका मेंढपाळाची मुलगी होती. दसरा झाला की त्यांचं बिऱ्हाड मेंढरांमागं निघायचं, मग शाळा थेट पावसाळ्यात. त्या वर्षी मी चंद्राच्या कला शिकवत होतो. पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा दिसतो, असं मी ठणकावून सांगितलं. ती उठून उभी राहिली.

"सर, अष्टमीला चंद्र दुपारीच वर येतो. सूर्यबी वरच असतो. मंग आपली सावली त्याच्यावर कावून पडंल?"

पोरं हसली. मला उत्तर येत नव्हतं आणि मी तिलाच खाली बसवलं. त्या वागण्याची किळस मला आजही येते. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. चंद्र आपल्या हातानं फिरवून बघता येईल असा प्रोग्राम प्रशिक्षणात मिळाला होता. "तू जायच्या आत दाखवतो," मी म्हणालो.

खंडेनवमीची पूजा दुपारी उरकली. हेडमास्तर खोळ चढवायला लागले तशी ती दारातून बोलली, "सर, आमी कातरीची पूजा करतो, पण तिनं लोकरबी कातरतो. ह्याला कामाला कवा लावायचं?"

"देवाच्या कामात मधी बोलू न्हाई," हेडमास्तर म्हणाले आणि सगळ्यांना पेढे वाटले. मीही खाल्ला.

"उद्या दसऱ्याची सुट्टी. परवा पहिलं तुलाच दाखवतो," मी तिला म्हणालो.

"परवा पहाटं आमी निघतोय, सर." तिनं वर बोट केलं. लिंबाच्या शेंड्यावर चंद्र होता आणि अंगणात लख्ख ऊन. माझ्यादेखत कुलूप लागलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो आणि हेडमास्तरांच्या टेबलावरची चावी सरळ उचलली. ते नुसते बघत राहिले. इतकं सोपं होतं ते, आणि मी इतकी वर्षं शेपूट घालून बसलो होतो. संगणक पहिल्याच झटक्याला सुरू झाला. मी माऊसनं चंद्र फिरवला. त्याची अर्धी बाजू कायम उजेडात असते, आपल्याला ती कधी जास्त दिसते, कधी कमी. सावलीबिवली काही नाही. तिचं बरोबर होतं.

घंटा झाली. वर्गात जाऊन मी हजेरी घेतली आणि तिच्या नावापुढं गैरहजर लिहिलं.