हिरव्या खुणेची रुजवात

पौषातला एक सोमवार: मलकापूरला माझ्या संगणकातले फोल्डर रिकामे झाले. तोच सोमवार, काही मिनिटांनंतर: तासगावला मित्राच्या संगणकातलेही झाले. पुढचा गुरुवार: कंपनीला माझे पहिले पत्र. त्यापुढचा सोमवार: पत्राची पोच, उत्तर नव्हे. जबाबदार: ते सॉफ्टवेअर विकणारी कंपनी, तिचा तक्रार निवारण अधिकारी, आणि मी.

स्वतःला यादीत घातले ते विनयाने नव्हे. माझी सारी नोकरी न्यायालयाच्या नक्कल शाखेत झाली. तिथे प्रत्येक नकलेखाली दोन सह्या असत, नक्कल करणाऱ्याची आणि रुजवात घेणाऱ्याची. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचे. एक मात्रा चुकली तरी कागद परत जाई.

निवृत्तीनंतर मी माण तालुक्यातल्या वृद्ध मेंढपाळांच्या जबान्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या. मेंढरे बसवण्याचा त्यांचा माळ कोणी कुंपणात घेतला होता, त्यावर दावा चालू होता, आणि तिथली जुनी वहिवाट सांगणारे तेवढेच हयात होते. त्यांतला थोरला फोनकडे संशयाने बघत म्हणाला, "आवं सायेब, माझ्या बापानं कागदावर अंगठा दिला, तवा अर्धा माळ गेला. आता मी तोंड देतोय. ह्ये तरी कुणी पुसणार न्हाई न्हवं?"

"पुसणार नाही," मी म्हणालो.

"सरकारी माणसाचं 'नाही' लय ऐकलंय आमी," म्हणून तो हसला, आणि बोलू लागला. आता तो नाही. बाकीचेही एकेक करून गेले.

ते आवाज परक्या कंपनीच्या भांडारात ठेवण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून मधे कोणीच नसलेले सॉफ्टवेअर निवडले: माझ्या संगणकातून फायली थेट तासगावच्या मित्राकडे, कुलूपबंद. हा मित्र बेदाण्याचा व्यापारी, माझ्या शाळेपासूनचा. आत काय चालते ते पाहावे म्हणून मी कंपनीकडे सोर्स कोड मागितला होता. ते व्यापारी गुपित आहे, असे कळवण्यात आले. तरीही मी 'मान्य आहे' दाबले आणि फोनमधल्या मूळ फायली काढून टाकल्या.

सुरुवातीला दर रविवारी आम्ही फोनवर रुजवात घेत असू. मी फायलीचे नाव आणि लांबी वाचायची, त्याने "हाय" म्हणायचे. पडद्यावर तर दोन्हीकडे सारखे असल्याची हिरवी खूण रोजच दिसे. "गड्या, खूण दिसती की," तो एकदा म्हणाला. "शेडवर माल यायला लागलाय. बंद कर आता ह्यो पाढा." मी बंद केला.

त्या सोमवारी फायली ठेवलेली माझी डिस्क नादुरुस्त झाली. फायली दिसेनात, म्हणजे मीच त्या पुसल्या, असे सॉफ्टवेअरने मानले असावे आणि तासगावलाही पुसल्या असाव्यात. 'असावे' म्हणतो, कारण आत पाहण्याची मला मुभा नाही. दोन्ही पडद्यांवर हिरवी खूण होती, आणि ती खोटी नव्हती. दोन्हीकडे सारखेच होते. काहीच नव्हते.

"लोकांना न वाचता सही करू देत न्हवतास रं तू," मित्र म्हणाला. सांगलीच्या दुरुस्तीवाल्याने दोन्ही डिस्क तशाच परत केल्या.

जबान्यांचे लेखी उतारे माझ्या हातचे आहेत. पण मूळ आवाजाशिवाय त्यांची रुजवात कोण घेणार? विरुद्ध पक्षाचा वकील तेवढाच प्रश्न विचारील आणि खाली बसेल. थोरल्या म्हाताऱ्याची मुलगी सुनावणीची तारीख विचारायला फोन करते. मी तारीख सांगतो. बाकीचे सांगत नाही.

पोचेनंतर पत्राने आलेले कंपनीचे म्हणणे एका ओळीचे: तुमच्या फायली आमच्याकडे कधीच नव्हत्या, सबब जबाबदारी आमची नाही. नव्हत्या, हे मला मान्य. पण पुसणारा हात तुम्ही घडवलात आणि तो दाखवायला तुम्ही तयार नाही.

तक्रार निवारण अधिकाऱ्याने मला आणखी खासगी पत्रे पाठवू नयेत. त्याने याच वर्तमानपत्रात, स्वतःच्या सहीनिशी उत्तर द्यावे: बिघडलेली डिस्क आणि माणसाने जाणूनबुजून पुसलेली फाइल, यांतला फरक तुमचे सॉफ्टवेअर ओळखते काय? ओळखत नसेल, तर तेही सहीनिशी छापावे.