सुकदेवचे तीन टिपके

सुकदेव खोब्रागडे गेल्याची बातमी मला कुरखेड्याच्या बसस्टँडवर एका कंडक्टरनं दिली. बसच्या टपावरून पंपाची पेटी उतरवून घेत होतो. तो खिडकीतून वाकून म्हणाला, "भाऊ, तुमच्या गावचा तो वेल्डिंगवाला, गडचांदूरले राह्यचा तो... गेला जी. माहा साळा त्याच्याच चाळीत राह्यते. छातीचं दुखनं होतं म्हनते." मी "अस्सं" म्हणालो आणि पेटीची दोरी सोडवत राहिलो. गाठ सुटेना. शेवटी हमालानं कोयत्यानं कापली.

सुकदेवनं कित्येक वर्षांत वेल्डिंगचा होल्डर हातात धरला नव्हता. गडचांदूरकडे तो खाणीवर, ठेकेदाराच्या हाताखाली, चुनखडीचे दगड भरत होता. तरी त्या परक्या माणसांत तो वेल्डिंगवाला म्हणून गेला. आमच्या गावात त्याचं नाव निराळं पडलं होतं. गावात त्याला 'कडीवाला' म्हणत. ट्रॉलीची जी कडी तुटून कौसाबाई मेली ती सुकदेवनं जोडली होती, हे इथं लहान पोरालाही ठाऊक आहे. ती त्यानं जोडली नव्हती. मी जोडली होती. एवढं एक वाक्य लिहायला मला त्याच्या मरणाची वाट पाहावी लागली.

आम्ही दोघंही काही मिस्त्री नव्हतो. माझ्या वडलांनी गावातला पहिला ट्रॅक्टर घेतला तेव्हा मी सायन्सच्या दुसऱ्या वर्षात नापास होऊन घरी बसलो होतो. सुकदेवची दोन एकर धानाची जमीन आमच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून. मध्ये दोन वर्षं तो चांद्याकडच्या एका कारखान्यात हेल्परी करून आला होता आणि वेल्डरच्या मागं उभं राहून जेवढं दिसलं तेवढं डोळ्यात भरून आणलं होतं. शहरात मिळणारी अवजारं आमच्या धानाच्या लहान लहान बांध्यांत चालत नसत. चिखलणीची लोखंडी चाकं इतकी रुंद, की धुऱ्यावरून वळताना धुराच घेऊन जात. "हे चाक कापून लहान करता येते," सुकदेव म्हणाला, आणि आमचं त्यातून सुरू झालं. चांद्याच्या एका ठेकेदाराचं जुनं वेल्डिंग मशीन बैलबंडीत घालून आणलं आणि आमच्या आवारातल्या शेडमध्ये ठेवलं. तेलात बुडवलेलं, बैलाएवढं जड. तेल गळायचं म्हणून त्याच्याखाली आईची जुनी परात ठेवलेली असे. काळी काच एकच होती. होल्डर ज्याच्या हातात त्याला काच, दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करायचं. सुरुवातीला मोह आवरत नसे, मग डोळ्यांत रेती भरल्यासारखं होई आणि दोघं बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून ओसरीत पडून असू. व्होल्टेज तर कधीच पुरत नसे. गावातली धानगिरणी चालू असली की रॉड लोखंडाला नुसता चिकटून बसे. गिरणीवाला जेवायला गेला की सुकदेव ओरडे, "दिवाकर, आला करंट! हो खाली, पकड!" गिरणीवाल्याच्या जेवणावर आमचा उद्योग चाले.

बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीमागं आमच्यासारखे हौशी गोळा होत. कोणी चक्कीवाला, कोणी सायकलवाला, एक तर शाळेचा शिपाई. कोणाकडे किती जाडीचा रॉड, कोणी काय बनवलं, याच्या फुशारक्या. वडशाकडचा एकजण मशीन घरीच बांधल्याचं सांगे आणि चिखल सपाट करायची त्याची जुन्या रुळाच्या लोखंडाची पलाटी दर आठवड्याला थोडी लांब होत जाई. सुकदेव एकदा त्याला म्हणाला, "काय गा, मांगच्या बाजारी पलाटी पाच हात होती, आज सात झाली. तुह्या मशीनले रॉड लागत नाई, तोंडानंच जोडतं काय?" पण तोही काही कमी नव्हता. स्वतःच्या कामाचा त्याला ताठा होता, तो चारचौघांत बोलून दाखवायचा, दुसऱ्याच्या जोडाला नावं ठेवताना माणसाची भीड धरत नसे. त्याचा जोड माशाच्या खवल्यासारखा एकावर एक बसलेला असे. माझा हात मापाला नि कापायला चांगला होता. जोडताना मात्र मला घाई व्हायची.

आमच्या शेडचा एक नियम होता, त्यानंच घातलेला. ज्यानं जोडलं त्यानं ते काम पास करायचं नाही. वरची खपली झाडून दुसऱ्यानं जोडावर हातोडा मारायचा आणि कान द्यायचा. आवाज खणखणीत आला तर ठीक. भद्द आला तर सगळं कापून पुन्हा. सगळं पटल्यावर सुकदेव आपला पंच घ्यायचा. पंच म्हणजे पोलादाचा बोटाएवढा, पुढं टोक केलेला तुकडा. त्यानं जोडाशेजारी लोखंडात तीन टिपके ठोकायचा, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडलेले. माझ्या जोडावरही टिपके त्याचेच. "माही बी एक खूण ठेवू ना," मी एकदा म्हणालो. तो हसून म्हणाला, "तुले घाई लय. घाईच्या मानसाची खूण कोन मानंन बे?" मीही हसलो होतो. पुढं पुढं अवजार घ्यायला आलेला शेतकरी रंग पाहत नसे, भाव नंतर विचारत असे. आधी वाकून टिपके शोधायचा.

आपला जिल्हा चांद्यापासून वेगळा झाला त्याच्या आगेमागेची गोष्ट. दसरा झाला होता. हलकं धान कापणीला आलं होतं आणि परतीचा पाऊस दोन दिवस पडून उघडला होता. सुकदेव दरवर्षीप्रमाणे चांद्याच्या दीक्षाभूमीवरच्या मेळाव्याला गेला. तो गेला त्याच दिवशी दुपारी आमच्या ट्रॉलीच्या दांड्याची पुढची कडी, जी ट्रॅक्टरच्या हुकात अडकते ती, बुडाशी तडकलेली दिसली. वडील म्हणाले, उद्या बाया न्यायच्या आहेत, धान झडून राह्यलं. मी म्हणालो, करतो. गिरणी बंद होती, करंट चांगला होता, हात चांगला चालला. एक गोष्ट केली नाही. शेडचं छप्पर गळलं होतं आणि रॉडचा पुडा ओलसर झाला होता. सुकदेव पावसाळ्यात रॉड चुलीवर तवा ठेवून पापडासारखे शेकायचा, मग वापरायचा. ओला रॉड वरून जोडतो, आत पोकळ राहतो, हे मला पाठ होतं. चूल पेटवायचा मला कंटाळा आला. जोड वरून छान दिसत होता, कदाचित माझ्या हातून झालेला सगळ्यात चांगला. मी हातोडा मारलाच नाही. आवाज कसा येईल ते मला ऐकायचं नव्हतं, असं आज वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली निघायच्या आधी मला बायांची आठवण झाली. त्यांची पुढारीण कौसाबाई, सुकदेवची सख्खी मावशी. ती मागं एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "दिवाकरभाऊ, निस्त्या तुमच्या हातची कडी असंन तं मी आपली पायी येतो जी." बाया खूप हसल्या होत्या. खिळ्याला सुकदेवचा पंच टांगलेला होता. मी तो काढला आणि माझ्या जोडाशेजारी तीन टिपके ठोकले.

कौसाबाईनं खरंच वाकून पाहिलं. बोट फिरवलं. "हायेत टिपके. जायच्या आदी करून गेला वाटते पोरगा?" मी हो म्हणालो. ती मागं वळून ओरडली, "चढा वो बायांनो, सुकदेवाचं काम हाय!"

संध्याकाळी परतताना नाल्याच्या चढावर कडी निघाली. ट्रॅक्टर पुढं गेला. ट्रॉली धानाच्या भाऱ्यांसकट, बायांसकट मागं घरंगळत नाल्यात उलटली. दोघींचे हातपाय मोडले. कौसाबाई खाली सापडली... भारे उचलून तिला काढेपर्यंत काही उरलं नव्हतं. कोणाच्या तरी पायाशी कडी पडली होती, मी ती उचलली. तुटलेल्या तोंडावर अनारशासारखी जाळी होती.

सुकदेव दुसऱ्या दिवशी दुपारी बसमधून उतरला तो सरळ नाल्यावर आला. खांद्यावर पिशवी तशीच. पंचनामा चालला होता. जमादारानं कडी त्याच्यापुढं धरून विचारलं, "ही खूण तुझीच ना रे?" त्यानं कडी हातात घेतली, टिपक्यांवरून अंगठा फिरवला. त्याचे टिपके चुलीच्या दगडांसारखे बसत. माझे तिरपे पडले होते. त्याला कळायला वेळ लागला नाही. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "खूण माही हाय." मग तो थांबला. खूण माझी आहे, पण मी मारली नाही, असं ते पुरं वाक्य होतं, आणि त्याचा पुढचा भाग त्यानं माझ्यासाठी ठेवला होता असं मी आजवर मानत आलो. मी खाली नाल्याच्या रेतीकडे पाहत होतो. तिथं वडील उभे होते, जोड माझा हे त्यांनाच तेवढं ठाऊक होतं; कौसाबाईची पोरं उभी होती, सारा गाव उभा होता. जमादार म्हणाला, "बरं, बाजूले हो."

संध्याकाळी तो शेडवर आला. आत आला नाही, चौकटीला हात लावून उभा राहिला. त्यानं एवढंच विचारलं, "रॉड शेकले होते काय?"

"नाही," मी म्हणालो.

"हं," म्हणाला, आणि गेला. त्यानंतर त्या शेडमध्ये त्यानं पाऊल टाकलं नाही.

कागदोपत्री तो अपघात ठरला आणि मिटला. गावात मिटला नाही. कौसाबाईचा पोरगा त्याच्या दारात उभा राहून सगळ्या मोहल्ल्यासमोर म्हणाला, "मेळाव्याले जायाची घाई होती ना तुले? त्या घाईनं माही माय खाल्ली!" सुकदेवनं दार लावून घेतलं नाही, चौकटीत उभा राहून ऐकून घेतलं. आमच्या ओट्यावर बसणारे लोक दुसरंच बोलत. त्या लोकांच्या हाती असं काम द्यायचंच नसते, म्हणत. तो बौद्ध होता, मी पाटलाच्या घरचा; त्यांना पुराव्याची गरज पडली नाही. मी त्यांना आतून चहा आणून देत होतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पण आता सांगायला बसलोच आहे तर तेही सांगतो: त्यांचं ते बोलणं ऐकून मला आतून बरं वाटे. ज्यांच्याकडे त्याची चाकं होती त्यांनी कानस लावून टिपके घासून काढले. बाजाराच्या टपरीमागं आमची जागा रिकामी राहू लागली. पुढच्या धानरोवणीच्या आधीच तो बायकोला घेऊन गडचांदूरला निघून गेला. म्हातारी आई मात्र घर सोडून गेली नाही. विहिरीवर बाया तिला आजही 'कडीवाल्याची माय' म्हणतात. तिच्या तोंडावर म्हणतात.

बातमी कळल्यावर आठवड्यानं मी गडचांदूरला गेलो. पत्र्याची खोली, दारापुढं पांढरी धूळ, दोरीवर त्याचा खाणीवरचा सदरा वाळत घातलेला. धुतलेला, तरी पांढरा. त्याची बायको शेवंता तांदूळ निवडत होती. तिनं बसायला पाट दिला. मी सगळं सांगितलं, रॉडपासून टिपक्यांपर्यंत. ती निवडत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "त्यायले माहीत होतं. मले बी माहीत होतं. नवीन काय सांगून राह्यले, भाऊ?"

मी म्हणालो, मला राहवलं नाही.

"तुमाले राह्यवत नाई म्हनून मले सांगता? तो होता तवा काऊन नाई आले?" आवाज चढला नव्हता. "इथीसुदा एस.टी.त चढाच्या आदी दांड्यावर टिचकी मारून पाह्ये तो. नळाच्या पायपावर, खाटेच्या पायावर... आवाज आयके. मी म्हनो, तुमी काऊन असे करता, लोक हासते. तं म्हने, सवय हाय." तिनं सूप पुढं ओढलं. "माह्या सासूले विहिरीवर काय म्हनते ते तुमाले ठाऊक हाय. मले सांगून काय होते? तिथी सांगा."

मी पिशवीतून पंच काढून तिच्यापुढं ठेवला. त्याची वस्तू, त्याच्या घरी असावी म्हणून. तिनं हात लावला नाही. "हे तुमच्याचजवळ राहू द्या," म्हणाली आणि सुपातले खडे दारात झटकले.

मागच्या सोमवारी पंचायतीसमोर, बाजाराहून माणसं परतली तेव्हा, मी हे सगळं उभ्यानं सांगितलं. वडील मध्येच उठून गेले. कौसाबाईचा पोरगा शेवटपर्यंत थांबला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. सुकदेवच्या आईला कोणी तरी हात धरून आणलं होतं. तिला ऐकू कमी येतं; तिच्या कानाशी वाकून मला पुन्हा सांगावं लागलं. ती म्हणाली, "सुकदेव आला काय?"

आज हे लिहिताना पंच समोर आहे. तेव्हापासून शेडच्या त्याच खिळ्यावर तो टांगलेला होता. दर पावसाळ्यात मी त्याला तेल लावत आलो, वापरला कधी नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांना वाटतं त्याला तीन टोकं असतील, एका ठोक्यात तिन्ही टिपके उमटत असतील. तसं नाही. टोक एकच आहे. एक टिपका ठोकायचा, पंच उचलायचा, जागा बघून पुन्हा टेकवायचा, हातोडा उचलायचा. त्या सकाळी मी तो दोनदा उचलून पुन्हा टेकवला होता.