तीन, चार आणि नऊचा त्रिकोण

मध्य प्रदेशातल्या देवासात कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग महाराष्ट्रातून माणसे आली. माधव सरांचे थोरले भाऊ असेच आले, कामाला लागले आणि धाकट्यालाही बोलावून घेतले. धाकट्याने मशीनवर उभे राहायला साफ नकार दिला आणि एका हिंदी शाळेत गणिताची मास्तरकी धरली. भावाने तेव्हाच हात टेकले. पुढे यथावकाश शाळेनेही टेकले.

कारण उत्तर बरोबर आले एवढ्याने माधव सरांचे समाधान होत नसे. ‘क्यों?’ असे विचारल्याखेरीज त्यांना अन्न गोड लागत नसे. पुस्तकातली गणिते पोरे डोळे मिटून सोडवतात, म्हणून ते स्वतःच अभ्यासपत्रे तयार करीत. रविवारी ओसरीवर स्टेन्सिल घेऊन बसायचे, टोकदार लेखणीने आकृत्या कोरायच्या आणि सोमवारी शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढायच्या. सदऱ्याची उजवी बाही कायम काळी. घर सांभाळणारी त्यांची विधवा बहीण, अक्का, ती बाही घासता घासता विचारी, “गणित शिकवितोस की छापखान्यात जातोस?”

या सगळ्या पत्रांत नववीचे सातवे पत्र त्यांचे लाडके. त्यात त्रिकोणाच्या बाजू दिल्या होत्या तीन, चार आणि नऊ, आणि क्षेत्रफळ काढायला सांगितले होते. असा त्रिकोण जगात नाही. पण पोरे बेधडक सूत्र लावत. वर्गमुळाखाली ऋण संख्या आली की ते चिन्ह गुपचूप खोडत आणि चार रूट दहा असे उत्तर लिहून खाली दोन रेघा ओढत. सर ते कागद तपासताना कपाळावर हात मारून घेत.

त्र्याण्णव साली त्यांची मुलगी जान्हवी त्यांच्याच वर्गात आली. आई नसलेली, अक्काच्या हाताखाली वाढलेली, जरा हट्टी पोर. तिने सूत्र लावलेच नाही. वर्गाच्या केरसुणीतून काड्या उपसल्या, बोटांनी मोजून मोडल्या, बाकावर जुळवून पाहिल्या आणि उभी राहिली. “सर, ये त्रिभुज बनेगा ही नहीं. तीन और चार मिलके भी नौ तक नहीं पहुँचते.”

वर्ग हसला. सर फळ्याकडे वळले आणि उगाच काहीतरी पुसत राहिले, कारण त्यांचे डोळे भरून आले होते. त्या संध्याकाळी त्यांनी अक्काला शिरा करायला सांगितला आणि कशाबद्दल ते सांगितले नाही.

त्यानंतर बाकीची पत्रे ते दरवर्षी नव्याने कोरीत, सातवे मात्र तसेच ठेवीत. स्टेन्सिल फाटला की नवा घेऊन पुन्हा तेच आकडे. ज्याने आयुष्यभर पोरांना घोकंपट्टीवरून झापले, त्याने स्वतः वर्षानुवर्षे एकच प्रश्न गिरवावा, याला काय म्हणायचे? पण माणूस मुलीच्या एका वाक्यावर जगत होता, त्याला कोण बोलणार.

मग गावात कोचिंगचे पेव फुटले. चौकाचौकात फलक लागले आणि पालकांना शाळा ही हजेरीपुरती वाटू लागली. जान्हवी गणितात एमएस्सी झाली, नोकरीसाठी खूप उंबरे झिजवले आणि शेवटी अशाच एका कोचिंगमध्ये रुजू झाली. सरांच्या वर्गातली बरीच मुले संध्याकाळी तिच्यासमोर बसत.

सरांच्या निवृत्तीला वर्ष राहिले तेव्हा प्राचार्यांनी त्यांना बोलावले. शाई, कागद, पालकांच्या तक्रारी, सगळे ऐकवले. शेवटी म्हणाले, “माधव जी, कोचिंग में जो नहीं मिलता, वो आपके पर्चे से मिला हो, ऐसा एक बच्चा दिखा दो. आपके बाद भी चलाऊँगा.”

एकच मूल हवे होते. सरांनी सातवे पत्र वाटले आणि गठ्ठा घरी आणला. पहिल्या मुलाने लिहिले होते, हा त्रिकोण बनणार नाही. दुसऱ्यानेही. सर भराभर पुढचे कागद उलटू लागले. सगळ्या वर्गाने तेच लिहिले होते. एक रात्र सर सुखाने झोपले.

सकाळी गठ्ठा पुन्हा चाळताना लक्षात आले, की शब्दही सगळ्यांचे तेच आहेत. तीन और चार मिलके भी नौ तक नहीं पहुँचते. वाक्य ओळखीचे होते.

जान्हवीने काही लपवले नाही. मुले दरवर्षी तीच पत्रे घेऊन येतात, पालक म्हणतात यातून नंबर येत नाहीत, म्हणून तिने सगळ्या पत्रांची उत्तरे लिहवून घेतली होती. “तुमची पत्रं बंद पडू नयेत म्हणून केलं, बाबा,” ती म्हणाली. ते खरेच होते, आणि म्हणून तिच्यावर रागावताही येईना.

सरांनी नवा स्टेन्सिल कोरला. तेच पत्र, तीच मांडणी, फक्त बाजू पाच, सहा आणि नऊ. हा त्रिकोण सरळ बनतो. त्यांनी ते पत्र वर्गात वाटले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. गोळा केलेला पहिला कागद त्यांनी तिथेच वाचला. पाँच और छह मिलके भी नौ तक नहीं पहुँचते. दुसऱ्यावर तेच. काहींनी तर आकडे बघायचीही तसदी न घेता तीन और चार असेच लिहिले होते. एकाही मुलाने बोटांवर बेरीज केली नव्हती. सरांना वाटले, आपण इतकी वर्षे या मुलांशी बोललोच नाही.

संध्याकाळी जान्हवी कोचिंगला निघाली होती. तोंडाला ओढणी गुंडाळत गाडीची किल्ली शोधत होती. सरांनी कोरे पत्र तिच्यापुढे धरले आणि जरा बघ म्हणाले. आकडे ती वाचेल, क्षणभर थांबेल, हसेल, एवढीच त्यांची आस उरली होती.

“त्रिभुजवालं ना, बाबा? नाही बनत तो,” ती म्हणाली आणि गेली.

दाराआडच्या केरसुणीतून सरांनी काड्या उपसल्या. पाच बोटे, सहा बोटे, नऊ बोटे मोजून मोडल्या आणि फरशीवर ठेवल्या. टोके नीट जुळली. जरा पसरट, पण त्रिकोण बनला होता. ते त्याच्याकडे बघत बसून राहिले.

“दिवे लावावयाच्या आधी केर काढून घेते,” अक्का केरसुणी घेऊन आली. “उचल बरे त्या काड्या.”

माधव सरांनी काड्या उचलल्या आणि तिच्या केरात टाकल्या.