वहिनीनं काहीही लपवलं नव्हतं

वहिनीच्या तेरवीच्या पंगतीत दूरच्या एक काकू म्हणाल्या, "बायकांचं असंच असते वं. लाजेपायी दुखणं अंगावर काढतात." मी पुढच्या पानावर भात वाढला. पण महिना उलटला तरी ते वाक्य गिळलं जात नाही…

सुनंदावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर कळमन्याच्या बाजारातली संत्र्यांची आडत तिनं एकटीनं सांभाळली. लिलावाच्या गलक्यात तिचा आवाज लांबून ओळखू यायचा. ती लाजेल? छातीत गाठ हाताला लागली त्याच आठवड्यात ती मला घेऊन धंतोलीत एका सर्जनसमोर बसली होती. त्यांनी गाठ काढली. "साधी आहे, विसरून जा." वर्षाच्या आत त्याच टाक्यांखाली पुन्हा काहीतरी हाताला जाणवायला लागलं. ती पुन्हा गेली. "टाक्यांची जाडी आहे," ते म्हणाले, नीट न तपासता. नंतर गेली तर म्हणाले, "तुम्हाला काळजी करायची सवयच आहे."

गाठ वाढतच गेली, तेव्हा आम्ही दुसरीकडे, एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी समजावलं, हा फायलोडीस नावाचा दुर्मिळ ट्यूमर. काढताना भोवतालचा चांगला भागही घ्यावा लागतो. नाहीतर तो तिथंच परत येण्याची भीती असते, कधी आधीपेक्षा वाईट होऊन. वहिनीनं विचारलं, "मंग हे मले पहिल्याच वेळी काहून नाही सांगितलं कोणी?" बाईंनी ऑपरेशनची तारीख लिहून दिली.

पूर्ण डावा स्तन काढावा लागला. टाके सुकल्यावर वहिनी सरळ त्या पहिल्या सर्जनच्या केबिनमध्ये शिरली. "डॉक्टरसाहेब, तुमची टाक्यांची जाडी काढून टाकली."

ते म्हणाले, "ताई, असे ट्यूमर फार दुर्मिळ असतात."

"दुर्मिळ असन जी. पण मी तं तुमच्या समोरच बसली होती ना!"

पुढं गाठ छातीच्या भिंतीवर उगवली, मग फुप्फुसात. पहिल्याच वेळी नीट काढली असती तर ती वाचलीच असती, असं डॉक्टरीणबाईही छातीठोक सांगत नाहीत. पण तिचं कोणी ऐकलं तरी असतं…

परवा भाचीबरोबर वहिनीचं कपाट आवरलं. प्रत्येक ब्लाउजला डावीकडे आतून तिनं स्वतः कापसाची छोटी गादी शिवली होती, बाजारात ताठ उभं राहता यावं म्हणून. सगळ्यात खाली येत्या दिवाळीसाठी शिवून आणलेला कोरा ब्लाउज होता. त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. गादी मात्र शिवून झाली होती.